बावचळलेल्या टी पेशी

उजव्या हाताचा तळवा छातीच्या उजव्या बाजूला, सगळ्यात खालच्या बरगड्यांवर ठेवा बघू. त्या बरगड्यांच्या आड तुमचं यकृत आहे, आणि तुम्ही हे वाचत असतानाही ते कामात आहे. मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं. दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून जातं. सकाळच्या पोह्यांमधून मिळालेली साखर साठवायची, औषधांची विल्हेवाट लावायची, पित्त तयार करायचं, गुडघा फुटला तर रक्त गोठायला लागणारी प्रथिनं बनवायची, हे सगळं त्याच्याकडेच.

शिवाय ते पुन्हा वाढतं! १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला होता. काही आठवड्यांत उरलेला तुकडा वाढून जवळजवळ मूळच्या आकाराएवढा झाला. माणसाचंही तसंच होतं. म्हणून तर आई आपल्या मुलाला यकृताचा तुकडा देऊ शकते आणि नंतर दोघांचीही यकृतं वाढतात. यकृताचा हा गुण लक्षात ठेवा. पुढे एका ठिकाणी तोच अडचणीचा ठरणार आहे.

आता घरातल्या मोठ्या माणसांचं एक बोलणं तुम्ही ऐकलं असेल: "सोनोग्राफी केली, ग्रेड वन फॅटी लिव्हर निघालं." म्हणजे यकृताच्या पेशींमध्ये चरबीचे थेंब साचलेत. थोडीशी चरबी तिथे असतेच, पण शंभरातल्या पाचाहून जास्त पेशींमध्ये ती दिसायला लागली की डॉक्टर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. जगातल्या शंभर मोठ्या माणसांमागे साधारण तीस जणांना ते असतं. मुलांनाही होतं. गोड पेयं, तळलेलं खाणं आणि दिवसभर बसून राहणं ही त्याची कारणं आहेतच, पण काही जणांना ते घराण्यातूनच येतं, आणि अगदी बारीक माणसांनाही होतं. त्यामुळे कोणाच्या पोटाकडे बघून चिडवायचं काही कारण नाही. बहुतेकांना त्याचा काही त्रास जाणवत नाही. काही जणांच्या यकृताला मात्र सूज येते, ती वर्षानुवर्षं राहते, आणि त्यातल्या थोड्या लोकांना पुढे यकृताचा कॅन्सर होतो.

या कॅन्सरवर एक नवीन उपचार आहे, इम्युनोथेरपी. नवीन तरी कसा म्हणू? न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या डॉक्टरांनी १८९१ मध्येच कॅन्सरच्या गाठीत जंतू टोचून शरीराची रोगप्रतिकारशक्ती जागी करून पाहिली होती. पण ती नेमकी कशी जागी होते, हे कळायला पुढची शंभर वर्षं लागली.

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे छोटे नमुने बाहेरच्या बाजूला मांडून ठेवते. टी पेशी जवळ येते, तो नमुना चाचपते आणि ठरवते: ही आपली निरोगी पेशी, हिला सोडा, हिच्यात विषाणू शिरलाय, हिला मारा. कॅन्सरची पेशीही तिला अनेकदा ओळखू येते. मग ती मारत का नाही?

कारण टी पेशीला ब्रेक असतो. घाट उतरताना सायकलला ब्रेक नसेल तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. टी पेशींचंही तेच आहे. त्या थांबल्याच नाहीत तर विषाणू संपल्यावर स्वतःच्याच शरीराला खायला लागतील. १९९२ साली जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत टी पेशींवरचं एक नवं प्रथिन सापडलं. त्याला नाव मिळालं पीडी-१. आधी वाटलं होतं, की पेशीच्या मरण्याशी त्याचा संबंध असावा. मग त्यांनी पीडी-१ मुळीच नसलेले उंदीर तयार केले आणि वाट पाहिली. १९९९ मध्ये त्यांनी जगाला सांगितलं, की या उंदरांच्या रोगप्रतिकारशक्तीने उंदरांच्याच सांध्यांवर आणि मूत्रपिंडांवर हल्ला केला. पीडी-१ हा ब्रेक आहे, हे त्यावरून पक्कं झालं. आणि कॅन्सरच्या काही पेशी टी पेशी जवळ आली की नेमका हाच ब्रेक दाबतात.

दुसरा ब्रेक अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांच्या हाताला लागला होता. त्याचं नाव सीटीएलए-४. लहानपणी ॲलिसन यांची आई कॅन्सरने गेली होती. १९९४ च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याने कॅन्सर झालेल्या उंदरांना हा ब्रेक अडवणारं औषध टोचलं. गाठी चक्क नाहीशा झाल्या! ॲलिसनना विश्वास बसेना. नाताळच्या सुट्ट्या आल्या होत्या, तरी प्रयोग ताबडतोब पुन्हा करायचा असं ठरलं. या वेळी गाठी मोजायला ते स्वतः बसले, आणि कुठल्या पिंजऱ्यातल्या उंदरांना औषध दिलंय हे त्यांना सांगायचं नाही, असंही ठरलं. कारण कळलं असतं तर आशेपोटी मोजताना नकळत हात ढळला असता. पहिले काही दिवस सगळ्याच पिंजऱ्यांतल्या गाठी वाढत होत्या. ते निराश झाले. आणि मग काही पिंजऱ्यांतल्या गाठी वाढायच्या थांबल्या, आक्रसायला लागल्या. औषध दिलेले उंदीर तेच निघाले. स्वतःलाच फसवता येऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

२०१८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक ॲलिसन आणि होन्जो यांना विभागून मिळालं. आज ब्रेक अडवणारी ही औषधं त्वचेच्या, फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्याही कॅन्सरसाठी देतात. औषध सलाईनमधून जातं आणि ब्रेकवर जाऊन चिकटतं. कॅन्सरच्या पेशीला मग तो दाबता येत नाही, आणि टी पेशी कामाला लागते. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण ज्यांना येतो, त्यातले काही जण वर्षानुवर्षं बरे राहतात.

आता आपण खऱ्या कोड्याकडे येऊ. मार्च २०२१ मध्ये जर्मनीतल्या दोन गटांचे दोन शोधनिबंध 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एकाच दिवशी आले. एक गट हायडेलबर्गच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या माथियास हायकेनवाल्डर यांचा, दुसरा म्युनिकच्या पर्सी क्नोले यांचा. हायकेनवाल्डर यांच्या गटाने उंदरांना कित्येक महिने असं खाणं दिलं, की त्यांना सुजलेलं फॅटी लिव्हर झालं आणि नंतर यकृताचा कॅन्सर. त्यांच्या यकृतांत टी पेशी भरपूर होत्या आणि त्यांच्यावर पीडी-१ ही भरपूर होतं. ब्रेक अडवणारं औषध चालावं, अशी याहून चांगली जागा कुठली? त्यांनी औषध दिलं.

गाठी कमी झाल्याच नाहीत. उलट वाढल्या!

मग संशोधकांनी वेगळा प्रयोग केला. काही उंदरांच्या शरीरातून मारणाऱ्या टी पेशीच काढून टाकल्या. आता कॅन्सर वाढायला हवा होता ना? तो कमी उंदरांना झाला. म्हणजे ज्या पेशींनी कॅन्सर रोखायचा, त्याच इथे त्याला मदत करत होत्या.

असं का व्हावं? उत्तराचा एक मोठा तुकडा म्युनिकच्या गटाला मिळाला. फॅटी लिव्हरमध्ये राहून राहून काही टी पेशी बावचळतात. तिथली रसायनं बदललेली असतात, सूज असते, आणि या पेशी नमुना चाचपायचंच सोडून देतात. शेजारी कॅन्सरची पेशी आहे की यकृताची निरोगी पेशी, हे न पाहताच त्या मारत सुटतात. मेलेल्या पेशींची जागा भरायला यकृत नव्या पेशी बनवतं. पुन्हा वाढायचा तो गुण मी लक्षात ठेवायला सांगितला होता ना, तो इथे आड येतो. पेशी दुभंगताना तिला आपल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते. नक्कल करताना कधीतरी चूक होते. पेशी मरणं आणि नव्या बनणं महिनोन् महिने चालू राहिलं की चुकाही साचत जातात, आणि त्यातली एखादी कॅन्सरची सुरुवात असू शकते. अशा बावचळलेल्या पेशींना थोडंफार धरून ठेवणारा ब्रेकही औषधाने काढून घेतला, तर त्या आणखी मोकाट सुटतात.

यकृतात हे होणं तर विशेषच वाईट. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात येतं आणि आपण खाल्लेल्या अन्नाचे अगणित अंश बरोबर आणतं. प्रत्येक अनोळखी कणावर तिथल्या पेशी भडकल्या असत्या तर रोजचं जेवणही आपल्याला सोसलं नसतं. म्हणून निरोगी यकृतातली रोगप्रतिकारशक्ती मुद्दाम शांत राहते. फॅटी लिव्हरमध्ये ही शांतताच मोडते.

जर्मनीतल्या या दोन शोधनिबंधांच्या पाच वर्षं आधी, २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या टिम ग्रेटेन यांच्या गटाला आणखी एक धागा मिळाला होता. मारणाऱ्या टी पेशींना मदत करणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. चरबी साचलेल्या यकृतात लिनोलिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल बाहेर पडतं आणि त्याने उंदरांच्या या मदतनीस पेशी मरतात, असं त्यांना दिसलं. करडईच्या आणि सूर्यफुलाच्या तेलात हेच आम्ल भरपूर असतं. पण घाबरून स्वयंपाकघरातली बरणी फेकायला जाऊ नका! आपल्या शरीराला ते लागतंच, आणि ते अन्नातूनच मिळवावं लागतं. बिघाड होतो तो ते यकृताच्या पेशींमध्ये साचून राहिल्यामुळे.

हे झालं उंदरांचं. माणसांचं काय? फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या यकृतातही तशाच बावचळलेल्या टी पेशी सापडल्या. मग हायकेनवाल्डर यांच्या गटाने यकृताच्या कॅन्सरवरच्या तीन मोठ्या चाचण्यांमधली, मिळून १६०० हून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली. यकृताचा कॅन्सर पुष्कळदा हिपॅटायटिस-बी किंवा सी या विषाणूंमुळे होतो. अशा रुग्णांना इम्युनोथेरपीचा चांगला फायदा झाला होता. ज्यांच्या आजारामागे विषाणू नव्हता, त्यांना तसा फायदा दिसला नाही.

म्हणजे फॅटी लिव्हर असलेल्यांना हे औषध द्यायचंच नाही? तसं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि ते बरोबर आहे. विषाणू नसलेल्या रुग्णांमध्ये दारूमुळे यकृत खराब झालेलेही असतात. सगळे एकाच पिशवीत घालून चालत नाही. शिवाय २०२२ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत दोन्ही प्रकारचे ब्रेक अडवणारी दोन औषधं एकत्र दिली होती, आणि तिच्यात विषाणू नसलेल्या रुग्णांनाही फायदा दिसला. तेव्हा तुमच्या ओळखीतल्या कोणावर हे उपचार चालू असतील, तर हा लेख दाखवून त्यांना काळजीत टाकू नका. त्यांचे डॉक्टर त्यांचं यकृत, त्यांचे रिपोर्ट, सगळं बघून ठरवतात. संशोधकांना आता हवी आहे एक साधी तपासणी. या माणसाच्या टी पेशी कॅन्सरवर जातील की यकृतावर, हे तिने औषध देण्याआधीच सांगावं.

ब्रेक अडवणारी ही औषधं फार महाग असतात. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक सुरेख काम केलंय. ते यकृतावरचं नाही, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवरचं आहे, पण ब्रेक तोच, पीडी-१. त्यांनी विचार केला, की ब्रेक अडवायला इतकं औषध खरंच लागतं का? नेहमी एका वेळी २४० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त देतात ते औषध त्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, दुसऱ्या स्वस्त गोळ्यांबरोबर दिलं. चाचणीत १५१ रुग्ण होते. एका वर्षानंतर, नुसत्या गोळ्या घेणाऱ्या शंभरांमागे १६ जण जिवंत होते, आणि थोडंसं हे औषधही मिळालेल्या शंभरांमागे ४३. हा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या देशात अशा प्रश्नाला फार किंमत आहे.

आता पुन्हा यकृताकडे येऊ. फॅटी लिव्हर वेळेत कळलं तर ते परतवता येतं. मोठ्या माणसाने आपलं वजन सावकाश सात ते दहा टक्क्यांनी उतरवलं, तर चरबीच काय, सूजसुद्धा बऱ्याचदा कमी होते. २०२४ मध्ये अमेरिकेत सुजलेल्या फॅटी लिव्हरवरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, तीसुद्धा खाण्यापिण्यातल्या बदलाच्या आणि व्यायामाच्या जोडीनेच.

हिपॅटायटिस-बीमुळे होणारा यकृताचा कॅन्सर टाळायला तर याहून सोपा उपाय आहे. तैवानने १९८४ मध्ये बाळांना हिपॅटायटिस-बीची लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्याकडेही ही लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आज आईकडून तुमचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या आणि त्यावर हिपॅटायटिस-बीच्या सगळ्या मात्रांपुढे तारखा आहेत का ते बघा. एखादी राहिली असेल, तर आईबाबांना सांगा आणि डॉक्टरांना विचारून ती घ्या.