उमरी : रुळाकाठचा मोंढा

३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेच्या उमरी शाखेवर धाड घातली आणि लाखोंची रोकड लढ्यासाठी नेली. नांदेड जिल्ह्यात ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. त्यात धाडस आहे, योजना आहे, जिवावर उदार झालेली माणसं आहेत. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, म्हणून ती तारीख दुहेरी लक्षात राहते. पण ही गोष्ट ऐकताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तालुक्याचं ठिकाणही नसलेल्या त्या वेळच्या उमरीत एवढा पैसा होता कशाला?

उत्तर तारखेतच आहे. जानेवारी म्हणजे कापसाचा भर हंगाम. वेचणी झालेली असते, बैलगाड्या मोंढ्याकडे, म्हणजे शेतमालाच्या बाजाराकडे, लागलेल्या असतात, आणि शेतकऱ्याला माल दिल्यावर रोख पैसे हवे असतात. बँक उमरीत आली ती मोंढ्यासाठी, आणि मोंढा फोफावला तो रेल्वेमुळे.

हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मार्ग १८९९ ते १९०१ दरम्यान टप्प्याटप्प्याने खुला झाला. निजामाच्या राज्यातली ही मीटरगेज लाइन निजामाबादकडून बासर, धर्माबाद, उमरी, मुदखेड अशी येऊन नांदेड, परभणी, औरंगाबादमार्गे मनमाडला पोचत असे. तिथून पुढे मुंबईची लाइन ब्रॉडगेज. रुंदी वेगळी, त्यामुळे मराठवाड्यातून मुंबईला निघालेली प्रत्येक कापूसगाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. हमालांच्या पाठीवरून झालेला हा प्रवास कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

शेतातला कापूस जसाच्या तसा लांब पाठवणं परवडत नाही. त्यात सरकीचंच वजन जास्त. जिनिंगमध्ये फिरत्या रुळांतून रुई ओढली जाते आणि सरकी मागे पडते. मग प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधतात. आजच्या हिशेबाने सुमारे ५ क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ निघते. म्हणून जिनिंग-प्रेसिंग शेताच्या जवळ हवं आणि रुळाच्याही जवळ हवं. उमरीला या दोन्ही जवळिकी एकाच ठिकाणी सापडल्या. नांदेड भागातला गावरानी कापूस त्याच्या धाग्यासाठी नावाजलेला होता. पुढे नांदेडच्याच संशोधन केंद्रातून निघालेलं ‘नांदेड–४४’ हे संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं.

मोंढ्याचं यंत्र मात्र लोखंडाचं नाही, ते माणसांचं आहे. शेतकरी माल आणतो, अडत्या तो उतरवून घेतो, खरेदीदार बोली लावतो, मापाडी तोलतो, हमाल थप्पी लावतो आणि शेवटी हातात पडते ती पट्टी. तिच्यावर मालाची किंमत असते, हमाली-तोलाई वजा केलेली असते, पेरणीच्या वेळी घेतलेली उचलही वळती झालेली असते. कित्येक घरांचं लग्न, दवाखाना, पोराची फी या एका कागदावर ठरलेली आहे. मराठी, उर्दू, तेलुगू या तिन्ही भाषा इथल्या व्यवहारात सहज मिसळतात. तेलंगणाच्या सीमेजवळचा हा मुलूख भाव ठरवताना भाषेवर अडून राहत नाही.

स्टेशनाभोवती पेठ उभी राहणं ही गोष्ट साऱ्या जगात घडली. जपानमधल्या ओसाकाचं स्टेशन १८७४ साली उमेदा भागात सुरू झालं, तेव्हा तो शहराबाहेरचा शेतांचा भाग होता. आज तो जपानच्या सर्वांत गजबजलेल्या व्यापारी भागांपैकी एक आहे. १९२९ मध्ये हानक्यू रेल्वेने तिथं स्टेशनालगतच मोठं दुकान काढलं, म्हणजे ज्या कंपनीची गाडी तिचंच दुकान. आणि ओसाकाच्या गिरण्यांना लागणारा कापूस हिंदुस्थानातून जात होता. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या पुढाकाराने जपानी जहाज कंपनीची मुंबई–कोबे फेरी सुरू झाली ती मुख्यतः कापसासाठीच. उमेदाच्या मागे लाखो प्रवाशांचं महानगर होतं. उमरीच्या मागे होती काळी जमीन आणि पावसाचा भरवसा. म्हणूनच इथल्या पेठेची भरभराट दर मृगाला पणाला लागत आली.

रेल्वे पुढे ब्रॉडगेज झाली. मुंबईहून सिकंदराबादकडे जाणारी देवगिरी एक्स्प्रेस याच मार्गाने धावते. मनमाडची ती अदलाबदल संपली, पण तोवर मालाने रस्ता धरला होता. आता गाठी ट्रकमधून जातात. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, काही दशकांनी ओसरली. शिवारात सोयाबीन शिरलं. हैदराबाद स्टेट बँकही स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

फलाटावर आता चढतात ती माणसं: नांदेडला कॉलेजात जाणारी पोरं, दवाखान्याची फाइल छातीशी धरलेले म्हातारे, हैदराबादेत कामाला निघालेली जोडपी. पूर्वी या स्टेशनातून शिवाराचं पीक बाहेर जाई, आज शिवाराची माणसं जातात. माल गेला तेव्हा गावात पैसा तरी येत होता. माणसं जातात तेव्हा काय परत येतं, हे उमरीने स्वतःला विचारायला हवं. इथंच सूत, सरकीतेल, कापड यांचे उद्योग नीट उभे राहिले, तर या रुळांना पुन्हा दोन्ही बाजूंनी काम मिळेल.

आणि बँकेची गोष्ट सांगताना ती थोडी आधीपासून सांगावी, असं मला मनापासून वाटतं. लढ्याला मिळालेला तो पैसा नोटांच्या रूपात तिजोरीत होता, पण मुळात तो या मोंढ्याच्या घामातून आला होता. बोटं सोलेपर्यंत कापूस वेचणाऱ्या बायांचा आणि पाठीवर गाठी वाहणाऱ्या हमालांचाही त्या मुक्तिसंग्रामात वाटा आहे.