पावसाळ्यातील समुद्रवास

मृग नक्षत्र लागून आठ-पंधरा दिवस लोटले, शाळा सुरू झाल्या आणि मे महिन्यात गणपतीपुळ्याच्या पुळणीवर उसळलेला जनसंमर्द आपापल्या गावी परतला, म्हणजे रत्नागिरीच्या या किनाऱ्यावर जे दोन-अडीच महिने येतात, त्यांची नोंद पर्यटनव्यवसायाच्या जमाखर्चात मंदीचे महिने म्हणूनच होते. परंतु समुद्राच्या सान्निध्यात ज्याला खरोखरीची विश्रांती हवी आहे, त्याने आपल्या मुक्कामासाठी नेमका हाच काळ निवडावा, असे माझे ठाम मत आहे. कारण हंगामात पाहुणा येतो तो गर्दीचा एक अंश होऊन, आणि पावसाळ्यात येतो तेव्हा गाव स्वतःचे जीवन जगत असते व त्यातच त्यालाही जागा मिळते.

या ऋतूत दर्यावरचा सारा व्यवहार थांबलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. माशांच्या अनेक जातींचा हा विणीचा काळ, आणि खवळलेल्या समुद्रात होड्या लोटणेही जिवावरचेच. त्यामुळे होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या दिसतात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. आगबोटींच्या काळातही कोकणच्या बहुतेक बंदरांची रहदारी पावसाळ्यात बंद पडे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली, ती याच दिवसांत. म्हणून पाहुण्याने पहिला नियम पाळावयाचा तो हा, की पाण्यात पाऊल घालावयाचे नाही. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, परतणाऱ्या लाटेची ओढ विलक्षण असते, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथे सुरक्षिततेची शाश्वती नाही.

समुद्र दुरून पाहावयाचा, आणि पाहण्यासारखे तेव्हा पुष्कळ असते. मे महिन्यात ऐसपैस पसरलेली पुळण आषाढात अरुंद होते आणि तिच्या कडेला कधी पुरुषभर उंचीची कापही पडते, ती पाहून नवखा माणूस हळहळतो. परंतु वाळू नष्ट झालेली नसते. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उंच, तीव्र लाटा ती खरवडून किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात, पुढच्या लाटा त्या बांधावरच फुटतात, आणि अशा रीतीने किनारा आपल्याच वाळूने आपले रक्षण करतो. पावसाळा सरल्यावर संथ, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. पुळणीच्या माथ्यावरची मर्यादवेल या उलाढालीत वाळूला मुळांनी धरून ठेवते. जेथे ही वेल उपटून लाटांच्या तोंडावर दगडी भिंत उभी केली जाते, तेथे भिंतीवर आपटून परतणारे पाणी पायथ्याची वाळू अधिकच वेगाने नेते. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ सालच्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध का घातले, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने उधाणाच्या दिवशी आपल्या निवासाच्या पडवीत तासभर बसावे. समुद्राला अगदी चिकटून खोली हवी, असा आग्रह त्यानंतर तो धरणार नाही, अशी मला आशा वाटते.

पडवीतला हा वेळ फुकट जात नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असते. हे एकदा ध्यानी आले, की घड्याळावाचून दिवस आखता येतो. हंगाम नसल्याने भाडे उतरलेले असते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या समुद्राभिमुख निवासातही एरवी दुर्लभ असलेली खोली अशा वेळी मिळण्याचा संभव अधिक. मात्र खानावळी अर्ध्या मिटलेल्या असतात, सबब जेवणाची तजवीज सकाळीच सांगून ठेवावी. ताज्या मासळीचा हट्ट या महिन्यांत धरू नये. आगोटीची बेगमी म्हणून कोकणी गृहिणीने उन्हाळ्यात साठविलेले सोडे, सुकट आणि सुके बोंबील, फणसाच्या आठळा घातलेली भाजी, परसातला कोवळा टाकळा, कुळथाचे पिठले आणि उकड्या तांदळाची पेज, हे या ऋतूचे खरे अन्न होय, आणि बाहेर सरी कोसळत असताना ते जेवणे हे सुख मी कोणत्याही मेजवानीहून श्रेष्ठ मानतो.

उघडीप मिळताच बाहेर पडावे. येथे डोंगरालाच गणेशस्वरूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा त्या संपूर्ण डोंगराची, सुमारे एक किलोमीटरची असते, आणि पावसात ती वाट निर्मनुष्य व हिरवीगार होते. शेजारचे मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. १८६६ साली जन्मलेल्या आणि अवघ्या एकोणचाळीसाव्या वर्षी, १९०५ मध्ये, निवर्तलेल्या या कवीचे स्मारक तेथे आहे, आणि मराठी कवितेला नवे वळण देणाऱ्या पुरुषाचे घर कसे साधे होते, हे पाहताना मन भरून येते. खालच्या खाचरांत याच दिवसांत लावणी चालते. दर्या विसावला तरी शेतकऱ्याला उसंत नसते, हे पाहुण्याने विसरू नये आणि बांधावरून जाताना रोपे तुडवू नयेत. श्रावणाच्या उत्तरार्धापासून जांभ्या दगडाच्या सड्यांवर निळ्या सीतेच्या आसवांचे आणि गेंदाच्या पांढऱ्या फुलांचे ताटवे पसरतात. उन्हाळ्यात रखरखीत दिसणारा हाच कातळ.

प्रवासाविषयी थोडे. १९९८ पासून पूर्णपणे सुरू झालेल्या, सुमारे ७४० किलोमीटरच्या कोकण रेल्वेवर पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात व वेळापत्रकही निराळे असते, म्हणून निघण्यापूर्वी वेळा तपासाव्यात. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे जाणारा समुद्रकाठचा रस्ता अवश्य घ्यावा, पण दिवसाउजेडी. ज्याला वादळी दर्या पाहावयाचा असेल त्याने आषाढ निवडावा. वृद्ध आईवडील किंवा लहान मुले बरोबर असतील, तर नारळी पौर्णिमेनंतरचा पंधरवडा बरा, कारण तोवर पावसाचा जोर ओसरू लागतो, होड्या पुन्हा पाण्यात उतरलेल्या असतात आणि गणेशोत्सवासाठी चाकरमान्यांची रीघ अजून लागावयाची असते.