आधी छोटं खातं मिटवा

सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईच्या घरी तीन हप्ते चालू असतात: बचत गट, फायनान्स, फ्रिज. रकमा लहान, पण तारखा वेगळ्या, आणि प्रत्येक तारीख डोक्यात जागा अडवते. सिंगापूरच्या कर्जबाजारी गरीब कुटुंबांवरचं संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं, की रक्कम तेवढीच फिटली, तरी ज्यांची जास्त खाती बंद झाली त्यांची चिंता अधिक घटली, डोकंही नीट चालू लागलं. मला हे फार मोलाचं वाटतं. जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं, हे हिशेबाने खरंच. पण झोपच उडाली असेल तर सर्वांत छोटं खातं आधी मिटवा. घराच्या माळ्यावर साठलेल्या पसाऱ्याचंही तसंच, छोट्यापासून सुरुवात करा. आज एकच पत्र्याची पेटी उघडा. जुनं पितळ मोडीत घातलं तर एखादा हप्ताही सुटेल. तरीही छाती धडधडत राहिली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं.