बांधलेली पिशवी

वृद्धाश्रमात नव्यानं आलेल्या आजींचं कपाट बघावं. बरेचदा ते रिकामंच असतं. लुगडी, गोळ्यांची डबी, अंबाबाईचा फोटो, सगळं खाटेखालच्या पिशवीत, गाठ मारून. लेक रविवारी न्यायला येईल म्हणून. ती गाठ कुणी घाईनं सोडू नये.

कोल्हापूरचा माणूस पेठेत, तालमीच्या कट्ट्यावर म्हातारा होतो. गंगावेशीत धारोष्ण दूध, सांजच्याला रंकाळ्यावर फेरी. असा माणूस एका दिवसात दुसऱ्याच्या घंटेवर जेवायला लागला, की अन्नावरची वासना उडते, मग झोप. आपण म्हणतो, वय झालं. पण राहती जागा सुटल्याचा हा ताण आहे आणि 1992 पासून परिचारिकांच्या निदानांच्या यादीत त्याला स्वतंत्र नाव आहे.

घरी अंधारातही पाय बरोबर न्हाणीकडे वळायचे. इथं दार भलतीकडे, म्हणून पहिले काही आठवडे पडण्याची भीती जास्त. रात्री बारका दिवा हवा, धरायला दांडी हवी. रात्री उठायला लागू नये म्हणून कितीतरी जण पाणीच पीत नाहीत, कुणाला सांगतही नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होऊ शकतो आणि कालपर्यंत नीट बोलणारं माणूस अचानक बरळायला लागतं. ते वेड नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. वजनही नेमानं करावं. घटतं वजन तोंडानं न सांगितलेलं बरंच काही सांगतं.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक, निदान 150 निराधारांचा वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे. खाटा मोजता येतात. पण माणूस रुळतो कशानं? अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात केलेला छोटासा प्रयोग 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावर सांगितलं, खोली तुमच्या मनासारखी लावा, हे रोप तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, आनंदी दिसली.

आपल्याकडे रोपच कशाला हवं? मेथी निवडायला द्या, आमटीत कांदा-लसणाची चटणी किती घालायची ते आजींना विचारा. जन्मभर त्यांनीच ते ठरवलंय. आणि लेकानंही फोनवर नुसतं ‘बरी हाईस न्हवं?’ न विचारता आज आमटीला चव कशी आली होती, ते विचारावं.