मृत यंत्राची बोलकी तबकडी

हिऱ्याच्या व्यापारात मौनाला भांडवलाइतकीच किंमत आहे. कोणाचा माल कोणाकडे जांगडावर गेला, परत आला की विकला गेला, कोणत्या पार्टीला किती दिवसांची मुदत दिली, ह्या गोष्टी पेढीबाहेर जाऊ नयेत असा आपल्याकडील जुना दंडक आहे. पूर्वी ह्या मौनाचे रक्षण चोपड्याची लिपीच करीत असे. मोडी काय किंवा गुजरातेतील वाणियाशाई काय, दोन्ही अशा भरधाव लिहिल्या जात की परक्या माणसाच्या हाती पान पडले तरी त्यातून अर्थ काढणे त्याला सोपे जात नसे. आज चोपड्याची जागा संगणकाने घेतली आहे. त्याचे अक्षर सर्वांना सारखेच वाचता येते, आणि नेमकी हीच गोष्ट आपण जुना संगणक भंगारात देताना विसरतो.

कतारगाममधील एखाद्या हिरे-कारखान्याचे उदाहरण घ्यावे. कच्चा खडा आला की प्रथम त्याचे स्कॅनिंग होते व त्याच्या पोटातील डाग आणि भेगा टिपल्या जातात. मग प्लॅनिंग करणारा कारागीर पडद्यावर ठरवितो की ह्या खड्यातून कोणत्या आकाराचे, किती वजनाचे हिरे काढावयाचे. त्यानंतर लेसरवर कापणी, घाट आणि शेवटी पॉलिश. म्हणजे हिरा प्रत्यक्षात घडण्यापूर्वीच त्याचे वजन आणि अंदाजे मोल एका फाइलमध्ये लिहिलेले असते. आणि तो खडा पुष्कळदा आपला नसून दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेला असतो. त्याच संगणकावर रत्नकलाकारांचे पगार, त्यांचे आधार क्रमांक, बँकेची खाती. शिवाय प्रत्येक टेबलावर रोखलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणाऱ्या पेटीतही एक हार्ड डिस्क असते, आणि मोठ्या झेरॉक्स यंत्रातही बहुधा असते. ह्या दोन ठिकाणांची आठवण भल्याभल्यांना राहत नाही.

सर्वांत जास्त धोका कोणत्या डिस्कपासून? चालू डिस्कपासून नव्हे, तर बंद पडलेल्या डिस्कपासून. चालू डिस्क निदान पुसता तरी येते. जी फिरतच नाही तिच्यावर पुसण्याचा कोणताही उपाय चालत नाही. तथापि "आता ती मेली आहे" ह्या समजुतीने मालक तीच प्रथम भंगारवाल्याच्या तराजूत टाकतो. वस्तुतः पुष्कळदा बिघडलेली असते ती खालची विद्युत्-पट्टी किंवा वाचणारी सुई. मजकूर असतो तो आतील तबकड्यांच्या चुंबकीय लेपावर, आणि तो जसाच्या तसा राहतो. जाणकार माणूस पट्टी बदलून तो पुन्हा वाचू शकतो.

फाइल "डिलीट" केल्याने काय होते हेही समजून घेतले पाहिजे. चोपड्याची अनुक्रमणिका फाडली म्हणून आतील पाने कोरी होत नाहीत. डिलीटमध्ये, आणि झटपट केलेल्या फॉरमॅटमध्येही, फक्त अनुक्रमणिका जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील दोघा संशोधकांनी, गारफिंकेल आणि शेलाट ह्यांनी, १५८ जुन्या डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. चालू स्थितीत १२९ निघाल्या, आणि त्यांपैकी नीट पुसलेल्या आढळल्या अवघ्या १२. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते, खाजगी पत्रे होती. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील असावी असे दिसले.

ही तबकडी किती चिवट असते ह्याचे विलक्षण उदाहरण अवकाशातील आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे यान पृथ्वीकडे परतताना सुमारे ६० किलोमीटर उंचीवर फुटले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. काही महिन्यांनी अवशेषांत एक हार्ड डिस्क सापडली. बाहेरचे भाग जळून वितळलेले, केवळ धातूचा एक गोळा. तरीही तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळविला, आणि त्यावर आधारलेला शास्त्रीय निबंध २००८ साली छापला गेला. सुरतकरांना २००६ च्या ऑगस्टमधील तापीचा महापूर आठवतच असेल. पाण्यात बुडालेल्या डिस्कमधूनही मजकूर निघू शकतो. मग हातोड्याचा एक घाव झाकणावर घातला म्हणजे काम झाले असे कसे समजावे?

डिस्क नष्ट करावयाची तर घाव तबकडीवरच बसला पाहिजे. झाकणाचे पेच ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे असतात. तसा पेचकस बाजारात मिळतो. झाकण काढून तबकड्या बाहेर घ्याव्यात. पूर्ण आकाराच्या डिस्कमध्ये त्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. त्या वाकवून, कापून, अनेक ठिकाणी भोके पाडून निकामी कराव्यात. लॅपटॉपच्या लहान डिस्कमधील तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात व आघाताने त्यांचा चुरा उडतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे आणि वरून जाड कापड ह्यांवाचून हे काम कोणी करू नये, आणि ते कारखान्यातील पोरसवदा मुलावर तर मुळीच सोपवू नये. झाकण निघतच नसेल तर ड्रिलने पेटीसकट तबकड्यांतून आरपार चार-पाच भोके पाडावीत. उरलेल्या तुकड्यावर सिद्धान्ततः पुष्कळ मजकूर राहतो, पण तो वाचण्यास लागणारी साधने व खर्च आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्यातले नव्हेत.

काही भलत्या कल्पनाही रूढ आहेत. घरातील लोहचुंबक डिस्कवर फिरवून काहीही होत नाही. डिस्कच्या आतच, तबकडीपासून थोड्याच अंतरावर, निओडायमियमचे जबरदस्त चुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्या शेजारी मजकूर वर्षानुवर्षे सुखाने नांदतो. त्यासाठी लागते ते डीगाउसर नावाचे खास यंत्र. आगीत टाकणे हाही उपाय नव्हे. विषारी धूर तेवढा पदरी पडेल. आणि हिरे उकळण्याचे ॲसिड कारखान्यात तयारच असते म्हणून त्यात तबकडी बुडवून पाहण्याचा मोह कोणास झालाच, तर तो तत्काळ आवरावा.

नव्या संगणकांत तबकडी नसतेच. एसएसडी नावाच्या साधनात मजकूर काळ्या चौकोनी चिपांमध्ये असतो. तिथे डीगाउसर निरुपयोगी. ड्रिलचे भोक दोन चिपांच्या मधोमध पडले तर दोन्ही शाबूत! प्रत्येक चिपचा स्वतंत्र चुरा झाला पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तर गुप्त मजकुराच्या अशा साधनांसाठी २ मिलिमीटरपर्यंत बारीक तुकड्यांचे माप घातले आहे. आपल्याला इतक्या काटेकोरपणाची गरज नाही, पण तत्त्व तेच.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. चालू असलेली प्रत्येक डिस्क फोडण्याचा सल्ला प्रस्तुत लेखक देणार नाही. साधा पत्रव्यवहार ज्यावर होता तो संगणक नीट पुसून, म्हणजे प्रत्येक जागेवर नवे अंक लिहून, एखाद्या शाळेला द्यावा. काटकसर हीही आपली परंपरा आहे. फोडावयाच्या त्या बंद पडलेल्या, आणि ज्यांवर दुसऱ्याच्या मालाचे वा माणसांचे तपशील होते त्या.

काम बाहेरच्या माणसाला द्यावयाचे झाल्यास मॉर्गन स्टॅन्ली ह्या अमेरिकन पेढीचा अनुभव ध्यानात ठेवावा. तिने जुनी यंत्रे निकालात काढण्याचे काम ह्या विषयाचा अनुभव नसलेल्या एका सामान-वाहतूक कंपनीकडे दिले. त्यातील काही साधने मजकुरासह लिलावाच्या संकेतस्थळावर विकली गेली. २०२० साली ६ कोटी डॉलर आणि २०२२ साली आणखी ३.५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. सुरक्षिततेतील हयगयीला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणून डिस्क फुटण्याआधी पेढीबाहेर जाऊ देऊ नये, आणि फोडताना मालक किंवा मुनीम समोर उभा असावा.

प्रतींचा विचारही आधी व्हावा. २० जुलै २०१३ रोजी लंडनच्या 'गार्डियन' पत्राच्या तळघरात सरकारी तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली संगणकांचे भाग ग्राइंडरने व ड्रिलने नष्ट करण्यात आले. परंतु त्याच कागदपत्रांच्या प्रती परदेशात होत्याच. आपल्या डिस्कची प्रत मुंबईच्या ऑफिसात, हिशेबनिसाच्या पेन ड्राइव्हवर किंवा संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे पडून नाही ना, हे पाहावे.

आणि जे ठेवावयाचे ते आधी सुरक्षित करून घ्यावे. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी असल्यास हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षांची. चौकशी वा दावा चालू असताना पुरावा दडविण्याच्या हेतूने डिस्क फोडणे हा तर सरळ गुन्हा आहे.

ह्यासाठी पेढीत एक साधी वही असावी: डिस्कवरील क्रमांक, कोणत्या संगणकातील, कोणत्या दिवशी, कोणी व कोणासमक्ष फोडली, आणि दोघांच्या सह्या. शक्य तर तुकड्यांचे छायाचित्र. मग ते ॲल्युमिनियम, ते चुंबक, त्या पट्ट्या नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे द्याव्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार हाच मार्ग आहे. तेथून मिळालेली पावती त्याच वहीत चिकटवावी.