नाव एकच, मग नेलपॉलिश आणि लिपस्टिकचा रंग वेगळा का?

आजचा भाग नेलपॉलिश आणि लिपस्टिकच्या मॅचिंगवर आहे. मेकअप ट्युटोरियल नाहीये हं, ते करणारे माझ्यापेक्षा हुशार लोक खूप आहेत. रंग फोनमध्ये एक, नखावर दुसरा आणि ओठांवर तिसराच का दिसतो, एवढंच मला उलगडून सांगायचंय. मी दिवसभर कोड लिहिते. आणि हा मामला निम्मा रसायनाचा आणि प्रकाशाचा असला तरी उरलेला निम्मा सॉफ्टवेअरचाच आहे.

प्रश्न आला आमच्या पालीतून. पाली म्हटलं की सगळ्यांना अष्टविनायकातलं रायगडचं पाली आठवतं. आमचं ते नाही, आमचं बीड जिल्ह्यातलं, बिंदुसरा धरणाजवळचं. चुलत बहिणीचा साखरपुडा होता, साडी डाळिंबी. तिने ऑनलाइन एकाच नावाची लिपस्टिक आणि नेलपॉलिश मागवली. लावून बघितलं तर नखं टोमॅटोसारखी आणि ओठ तपकिरी. "ताई, फोनात तर लई भारी दिसत होतं गं," म्हणाली. सील फोडलेलं, त्यामुळे परत घेणार नाहीत. इथपर्यंत ठीक, पैसे गेले. पण काकू शेजारून म्हणाल्या, "सावळ्या पोरींना लाल शोभतच नाही, तू आपलं फिकट काहीतरी घे." ते मला खटकलं. कारण चूक रंगाच्या हिशोबाची होती आणि बिल फाटलं पोरीच्या चेहऱ्यावर.

आता हिशोब बघू.

नेलपॉलिश म्हणजे मुळात रंगीत लाखेसारखा थर. नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेटमध्ये विरघळवलेला असतो. तो झणझणीत वास त्यांचाच. ती द्रव्यं उडून जातात आणि मागे कडक, चकचकीत पापुद्रा राहतो. १९२०च्या दशकात मोटारगाड्यांना देत होते तो रंगही याच कुळातला. लिपस्टिकचं घराणंच वेगळं: मेण, तेल आणि त्यात घोटलेली रंगाची पूड. तेलांमध्ये एरंडेल फार वापरतात, हो, तेच आजीचं एरंडेल. म्हणजे रंगद्रव्य अगदी एकच घातलं तरी एक काचेसारख्या थरात अडकलंय आणि दुसरं मेणात. चकचकीत पृष्ठभागावरून रंग गडद आणि भरीव दिसतो. मॅट पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखरतो, त्यामुळे तोच रंग जरा पांढुरका, दबलेला वाटतो. मॅट लिपस्टिक आणि ग्लॉसी नेलपॉलिश तंतोतंत जुळणं म्हणूनच अवघड.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: खालचा कागद. नेलपॉलिशचे दोन हात दिले की नख बहुतेक झाकलं जातं, खाली काय आहे याने फार फरक पडत नाही. ओठांचं तसं नाही. लिपस्टिकचा थर पातळ असतो आणि ओठांचा स्वतःचा रंग त्यातून वर डोकावतो. आपल्याकडे बहुतेकांच्या ओठांत मेलॅनिन असतं, कडेला जास्त, मध्ये कमी. कंपनीच्या फोटोतली मॉडेल फिक्या गुलाबी ओठांची असेल तर तिच्यावर जो रंग डाळिंबी दिसतो, तो आपल्यावर विटकरी होणारच. गुलाबी कागदावर आणि खाकी कागदावर एकच स्केचपेन चालवून बघा, लगेच कळेल. यात शोभण्या-न शोभण्याचा संबंधच येत नाही.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडचं जुनं मॅचिंग या नियमावरच चालायचं. मेंदी आणि विडा! मेंदीतलं लॉसोन हे द्रव्य केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. केराटिन त्वचेतही आणि नखातही, म्हणून मेंदीने नखं रंगतात आणि नख वाढून कापलं जाईपर्यंत तशीच राहतात. महिन्याला साधारण ३ मिलिमीटर या वेगाने ते वाढतं, म्हणजे काही महिने निश्चिंती. विड्यात कात आणि चुना एकत्र आले की लाल रंग येतो. दोन्ही रंग पारदर्शक, अंगच्या रंगात मिसळून जाणारे. त्यामुळे प्रत्येकीच्या हाताला आणि ओठांना आपापली शेड आपोआप मिळायची. शेडकार्डाची गरजच नव्हती. (तंबाखूवाला विडा मी सुचवत नाहीये, उगाच कमेंट नकोत.)

नखं आणि ओठ बाजारातून एकाच रंगाचे विकत घ्यायचे, ही कल्पना मात्र जाहिरातीतून आली. न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली रेव्हलॉन कंपनी निघाली ती नेलपॉलिश घेऊनच. त्यांनी पारदर्शक रंगांऐवजी दाट रंगद्रव्यं वापरली, त्यामुळे नखं नीट झाकली जायला लागली. १९४०च्या सुमाराला त्यांनी जुळणाऱ्या लिपस्टिक आणल्या आणि ओठ आणि बोटं एकाच रंगात, असा धडाका लावला. एकाच गिऱ्हाइकाला दोन वस्तू विकायच्या, दुसरं काय! आपल्याकडे १९५२ साली मुंबईत टाटांनी लॅक्मे सुरू केली. नाव फ्रेंच ऑपेराचं, पण त्या नावाच्या मुळाशी आपली लक्ष्मीच. पुढे नव्वदीत ती हिंदुस्तान लिव्हरकडे गेली.

आता माझा आवडता भाग, फोन.

कॅमेरा रंग "बघत" नाही, अंदाज लावतो. खोलीत पिवळा बल्ब आहे की ट्यूब, हे तो फोटोवरूनच ओळखायचा प्रयत्न करतो आणि त्याप्रमाणे सगळा फोटो निळसर किंवा पिवळसर सरकवतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. समोर मोठी लाल साडी आली की हा अंदाज गडबडू शकतो. त्यावर सेल्फी कॅमेऱ्याचा ब्युटी मोड. बऱ्याच फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो, त्वचा उजळ आणि गुळगुळीत करतो, आणि आपण त्या उजळ चेहऱ्याला बघून शेड निवडतो. चेहरा खोटा, शेड खरी, मग जुळणार कशी? वर स्क्रीनचा "व्हिव्हिड" मोड लाल रंग आणखी भडक करतो. बहिणीच्या फोनवर तो चालू होता. तीच वस्तू काकूंच्या साध्या फोनवर उघडली तर रंग सरळ एक पायरी उतरला.

ॲपमधलं "ट्राय करून बघा" बटण काय करतं? तुमच्या ओठांच्या कडेचे बिंदू शोधतं, त्यावर रंगाचा थर मिसळतं आणि ओठांची मूळ सावली ठेवायचा प्रयत्न करतं. तंत्र भारी आहे. लॉरिआलने २०१८ मध्ये मोडीफेस ही कॅनडातली कंपनी याच्यासाठीच विकत घेतली. पण मूळ फोटोत कॅमेऱ्याने आधीच चेहरा उजळवला असेल, तर ॲप त्या चुकीवरच इमारत बांधतं. गुलाबी आवडतो की चॉकलेटी, एवढं ठरवायला ते वापरा. नेमकी शेड ठरवायला मी वापरत नाही.

प्रकाशाचंही सांगते, कारण कार्यक्रम शेवटी कुठल्यातरी दिव्याखालीच होतो. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा दिवा आणि त्यावर पिवळा लेप. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात गडद लाल भाग कमी असतो. प्रकाशातच लाल नाही तर ओठावरून लाल परत येणार कुठून? म्हणून दुकानात रंग मरगळलेला आणि बाहेर उन्हात एकदम जिवंत. याच्याही पुढचा चकवा म्हणजे मेटामेरिझम: दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे रंग एका दिव्याखाली सारखे दिसतात आणि दुसऱ्याखाली वेगळे. ब्लाउजपीस दुकानात जुळतो आणि घरी येऊन जुळत नाही, तोच प्रकार.

पाकिटामागे बारीक अक्षरात सीआय आणि पाच आकडे असतात, ते वाचायची सवय लावा. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा, रंग फिका आणि दाट करणारा. ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड, विटकरीकडे नेणारा. १५८५० हा लिपस्टिकमधला नेहमीचा कृत्रिम लाल. ७५४७० म्हणजे कार्माइन, तो कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात, माळकऱ्यांच्या घरात हे माहीत असलेलं बरं. फक्त एक अडचण आहे. अधिक-उणे अशी खूण करून पुढे दिलेली यादी सगळ्या शेड्सची मिळून असते, तुमच्या हातातल्या एकाच शेडची असेल असं नाही.

मग करायचं काय? आम्ही जे केलं ते सांगते. आधी दुकानदाराची इंग्रजी नावं विसरलो. "रोझ अफेअर" म्हणजे नक्की काय, हे देवालाही माहीत नसेल. त्याऐवजी साडीच्या दुकानातले शब्द घेतले: अबोली, गुलबक्षी, राणी, डाळिंबी, विटकरी, शेंदरी, वांगी. राणी, गुलबक्षी, वांगी निळ्याकडे झुकणारे. विटकरी, शेंदरी, अबोली पिवळ्याकडे. डाळिंबी मधला. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या बघून अंडरटोन ठरवायची जी रील फिरते, तिच्यावर माझा काही विश्वास नाही. नखं आणि ओठ एकाच बाजूला झुकलेले असले की जुळलेले वाटतात, तंतोतंत एक असायची गरज नाही. नखं एक पायरी गडद असली तरी छान दिसतं.

चूक लिपस्टिकची नव्हतीच, ती ठेवली. बीडच्या बाजारात गेलो, टेस्टरमधून पारदर्शक चिकटपट्टीच्या तुकड्यांवर तीन नेलपॉलिशचे दोन-दोन हात दिले, दहा मिनिटं वाळू दिले, कारण ओला आणि वाळलेला रंग वेगळा. मग दुकानाबाहेर सावलीत, थेट उन्हात नाही, पट्टी नखावर धरून लिपस्टिक लावलेल्या ओठांशेजारी बोट नेलं. फोटो काढला तो ब्युटी मोड बंद करून, चौकटीत एक पांढरा कागद ठेवून. एकाच फोटोत दोन्ही रंग असले की कॅमेऱ्याची चूक दोघांनाही जवळपास सारखीच लागते, त्यामुळे त्यांच्यातला फरक बराच खरा दिसतो. दोन वेगळे फोटो शेजारी ठेवून तुलना केली की काहीच खरं नाही. तिसरी पट्टी जुळली, गडद विटकरीकडे झुकलेला डाळिंबी. रात्री मांडवातल्या दिव्यांसारख्या पिवळ्या बल्बखाली पुन्हा एकदा बघितलं, टिकला. काकूंनी बोट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "माझ्या रंगाला कोणता येईल गं?"

टेस्टरची लिपस्टिक मात्र थेट ओठांना लावू नका, किती जणींनी लावलीय कोण जाणे. बोटाच्या पेरावर लावा, तिथली कातडी तळहातापेक्षा ओठांच्या रंगाला जवळ जाते. गडद लाल नेलपॉलिश सारखी लावली की नख पिवळं पडतं, खाली पारदर्शक बेस कोट द्या. आणि घरात कोणाचा ऑक्सिमीटर लावायचा असेल तर त्या बोटाचं पॉलिश आधी काढा. ते यंत्र लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार पाठवून मोजतं, गडद थर मध्ये आला की आकडा चुकू शकतो.

तुमच्याकडे एकाच फोटोत नखं आणि ओठ असलेला, फिल्टर न लावलेला फोटो असेल तर पाठवा, दिवा कोणता होता तेही लिहा. पुढच्या भागात केसांच्या रंगाबद्दल बोलू, मेंदीत काय काय मिसळतात ते बघू. चला, भेटू.