इंजेक्शननंतरचे दिवस

२०२४ साली दोहातल्या आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर एका तान्ह्या मुलीसाठीचं आवाहन येऊन गेलं असेल. कुटुंब केरळचं, आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए, आणि लागणारी रक्कम १ कोटी १६ लाख ५० हजार रियाल. पगार, घरभाडं, मुलांची फी आणि गावी पाठवायचे पैसे असा महिन्याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला तो आकडा एका दमात वाचताही येत नाही. कतार चॅरिटीने मोहीम हाती घेतली, मल्याळी संघटना कामाला लागल्या, इतरांनीही आपापला वाटा टाकला.

आपण पैसे भरतो, आवाहन पुढे पाठवतो आणि कामाला लागतो. त्या घराचं काय होतं, हे मात्र आपल्याला फारसं कळत नाही. म्हणून हा लेख.

एसएमए हा जन्मतःच येणारा आजार. शरीरातल्या एका जनुकातल्या दोषामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी हळूहळू मरतात. बाळ मान धरत नाही, पाय उचलत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो, दूध ओढताना दमतं. डोळे मात्र लखलखीत असतात. बुद्धी शाबूत असते, आई दिसली की ते ओळखीचं हसतं. आजाराच्या सर्वांत तीव्र प्रकारात उपचाराविना बहुतेक बाळं दोन वर्षांच्या आत दगावतात किंवा कायमची श्वासयंत्रावर राहतात.

'आमच्या घराण्यात असं कुणाला नव्हतं' हे वाक्य अशा वेळी हमखास येतं, आणि त्याचा रोख बहुतेकदा सुनेकडे असतो. खरं म्हणजे दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. साधारण चाळीस-पन्नास माणसांत एक जण तो दोष घेऊन ठणठणीत जगत असतो. असे दोघे जोडीदार झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारांत एक. रक्ताच्या तपासणीने हे आधी कळू शकतं. यात कुणाचा गुन्हा नाही.

बाळाला जे महागडं इंजेक्शन मिळतं, त्याला अमेरिकेत मे २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून निरोगी जनुक शिरेतून शरीरात सोडलं जातं. तासाभराचं काम. महाराष्ट्राला त्याचं नाव कळलं ते २०२१ साली. मुंबईतल्या एका बाळासाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये उभे राहिले, केंद्र सरकारने सुमारे ६ कोटींचा कर माफ केला आणि फेब्रुवारीत तिला ते इंजेक्शन मिळालं. त्याच वर्षी जूनमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका चिमुरडीलाही मिळालं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ती गेली.

पैसे जमले, इंजेक्शन मिळालं, की आपल्यासाठी गोष्ट संपते. त्या घराची तिथून सुरू होते. हे औषध पुढची पडझड थांबवतं. मेलेल्या चेतापेशी परत आणत नाही. म्हणून निदान जितकं लवकर, तितका फायदा जास्त. इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू होतं, ते साधारण दोन महिने चालतं. यकृतावर ताण येतो, म्हणून वारंवार रक्त तपासावं लागतं. या काळात साधी सर्दीही महागात पडू शकते. मग फिजिओथेरपी, छातीतला कफ काढणं, गिळण्याची काळजी, वर्षानुवर्षं.

हे सगळं गावी असतं तर आजी एका खोलीत, मावशी दुसऱ्या खोलीत, काका रुग्णालयाच्या रांगेत. इथे आजी-आजोबा भेटीच्या व्हिसावर येतात आणि मुदत संपली की परततात. वडिलांची नोकरी हाच घराचा निवास परवाना, त्यामुळे रजा मागताना जीभ अडखळते. रात्री रुग्णालयात, सकाळी ऑफिसात. मोठं भावंड असेल तर ते शेजाऱ्यांकडे गुपचूप गृहपाठ करत बसतं.

अशा घरासाठी मंडळ हेच आजोळ. करण्याजोगं पुष्कळ आहे. डबा दारात ठेवून फोन करावा, आत जाऊन बसू नये. घरात कुणी शिंकत असेल तर भेट टाळावी. मोठ्या भावंडाची शाळेची ने-आण एखाद्या कुटुंबाने नेमून घ्यावी. रुग्णालयात एक रात्र वडिलांच्या जागी कुणी बसलं, तर ते घरी जाऊन झोपू शकतात. आणि 'बरं कधी होणार?' हा प्रश्न आवरावा.

पैशांबाबत एक सावधगिरी. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं कतारमध्ये कायद्याने गुन्हा आहे. २०१४ च्या कायद्याने धर्मादाय कामांवर नियंत्रण आहे. मन कितीही कळवळलं तरी ग्रुपवर खाते क्रमांक टाकू नये. मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच मोहीम व्हावी. भारतीय दूतावासाच्या छत्राखालचं आयसीबीएफ हे अडचणीतल्या भारतीयांसाठी १९८४ पासून काम करतं. पहिला सल्ला तिथे विचारावा. भारतात परतायचं ठरलं, तर मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं एक मान्यताप्राप्त केंद्र आहे, आणि एप्रिल २०२३ पासून या धोरणातल्या आजारांसाठी रुग्णाने स्वतः मागवलेल्या औषधावरचं सीमाशुल्क माफ आहे.

या दिवाळीत फराळाचे डबे वाटताना एखादं दार बंद दिसलं, दिवा लागलेला नसला, तर घंटी वाजवण्याआधी एक निरोप पाठवून बघा. 'डबा ठेवलाय, दार उघडायची घाई नाही. उद्या धाकट्याची औषधं आणायला मी जातो, तेवढी चिठ्ठी पाठवा.' आजोळ एवढंच करतं.